‘सापडले नाही’ हे मी म्हटलं नव्हतं

गप्प बसा जरा. आज बोलणार आहे तो मी, आणि माझं संपेपर्यंत कुणी मधेच बटण दाबायचं नाही.

माझं नाव खूणगाठ. मी कॉम्प्युटरमधला एक प्रोग्राम. कराडात बसस्टँडच्या मागच्या बोळात ‘भाऊसो व्हिडिओ शूटिंग’ नावाचं दुकान आहे, तिथं माझा जन्म झाला. तिथंच मी वाढलो आणि तिथंच माझ्या तोंडी एक धडधडीत खोटं घातलं गेलं. आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. मला अंग नाही, ठाऊक आहे मला. तरी होतो.

डोळेही नाहीत; दुकानातलं मला नुसतं ऐकू येतं, बाकीचं लोकांच्या बोलण्यातून कळतं. माझं सगळं आयुष्य व्हिडिओच्या तुकड्यांची नोंद ठेवण्यात गेलं, पण एक तुकडा कधी मी बघितलेला नाही. मला मिळतात ते शब्द. कुठल्या नंबरची कॅसेट, फीत किती पुढं नेली की तुकडा लागतो, आणि त्या तुकड्यात काय काय आहे त्याच्या खुणा. ‘गुलाब’ म्हटलं की गुलाब कुठल्या कॅसेटीत आहे ते मी सांगायचं. ‘धबधबा’ म्हटलं की धबधबा. एवढंच माझं काम, आणि ते मी इमानानं केलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं माझ्यावर काय आळ आला ते तुम्हांला ऐकायचं आहे.

चौऱ्याण्णव साल. तेव्हा लग्नाची कॅसेट म्हणजे नुसतं लग्न नसायचं. आधी गणपती, मग उगवता सूर्य, मग महाबळेश्वरचा धबधबा, मग कोयना धरणाचं फेसाळलेलं पाणी, आणि त्यातून फिरत फिरत नवरानवरीची नावं यायची. हे सगळे सीन भाऊसोंनी स्वतः हिंडून काढलेले. पण ऐन घाईत गुलाब सापडायचा नाही. भाऊसो कॅसेटींची ट्रंक उपडी करायचे, घाम पुसायचे आणि बायकोच्या नावानं ओरडायचे, जसा काही तिनं गुलाब लपवून ठेवलाय.

शेवटी त्यांनी कॉम्प्युटर आणला आणि तो चालवायला दीपमाला आली. सांगलीला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली पोरगी. वाढलेली कोयनानगरच्या वसाहतीत, कारण तिचे वडील धम्मपाल धरणाच्या प्रकल्पावर नोकरीला. तिथं जमीन कधी हलेल त्याचा भरवसा नाही. त्यामुळं त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. अंधारात हात घातला तरी कंदील हाताला लागला पाहिजे. हीच सवय तिनं मला लावली. मला तिनं लिहिलं, माझं नाव तिनं ठेवलं. माझे शब्द मराठी, पण अक्षरं इंग्रजी, कारण त्या यंत्राला देवनागरी येत नव्हती. काय करता!

सुरुवातीला माझा थाट काय सांगू! मला काचेची खोली दिली. चपला बाहेर काढल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. स्वतः भाऊसो गुटखा थुंकून यायचे. दसऱ्याला झेंडूचा हार, पडद्याला हळदकुंकू आणि समोर नारळ. त्यातली हळद बटणांच्या फटीत गेली आणि ‘स’ कितीतरी दिवस उमटेना. सूर्य, सनई, सासू, सगळंच अडलं. पण प्रेमानं केलेलं होतं, म्हणून मी काही बोललो नाही.

गिऱ्हाईक आलं की भाऊसो मुद्दाम मला कामाला लावायचे. “बगा आता,” म्हणायचे, “कॉम्प्युटर हाय ह्यो. ह्यो खोटं बोलत न्हाई.” हे वाक्य लक्षात ठेवा.

त्याच साली दिवाळीनंतर भाऊसो कोयनेच्या पुढं कुंभार्ली घाटात शूटिंगला गेले होते. तिकडून एक तुकडा घेऊन आले आणि दीपमालेला म्हणाले, “लिही. मेंढरं. घाट.”

“आणि माणूस?” तिनं विचारलं. “मेंढरांच्या पुढं माणूस चाललाय की.”

“धनगर हाय कुणीतरी.”

“त्याला नाव असंल की, भाऊसो.”

भाऊसोंनी डोकं खाजवलं. “सांगितलं हुतं बग त्यानं. धुळा. कवठे महांकाळकडचा. मेंढरं घिऊन कोकणात उतरत हुता. लय ग्वाड मानूस. मला म्हनला, कवातरी मलाबी दावा.”

तेव्हा दीपमालेनं माझ्यात लिहिलं: कॅसेट एकेचाळीस. मेंढरं, घाट, कुत्रं, घोंगडं, धुळा.

तो तुकडा भाऊसोंना एवढा आवडला की त्यांनी तो सख्ख्या भावाच्या, मानसिंगच्या, लग्नाच्या कॅसेटीत अगदी सुरुवातीला घातला. भरलेला कळप म्हणजे भरलेलं घर, असं त्यांचं म्हणणं. तुकडा कुठल्या लग्नात घातला हेही लिहायची जागा माझ्यात आहे. तिथं दीपमालेनं लिहिलं: मानसिंग लग्न, सुरुवात.

पुढच्या वर्षी घाट चढून परत येताना धुळा खरंच दुकानात आला. मेंढरं गावाबाहेर बसवून, काठी दाराला टेकवून. भाऊसोंनी टीव्हीवर कॅसेट लावली. मी ऐकत होतो. आधी बराच वेळ काहीच आवाज नाही, आणि मग तो एकदम खो खो हसत सुटला. “ह्यो म्या? आयला, म्या असा चालतो व्हय? घरात कुनी बोललं न्हाई कवा!” आणि म्हणाला, “घरच्यास्नी दावाया आनतो. ल्हान पोरगी हाय मला. तिला दावतो.”

तो पुन्हा आला नाही. त्याच्याबरोबरचे मेंढके पुढच्या साली सांगून गेले, घाटात ट्रकनं उडवला म्हणून. भाऊसोंना वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा अर्धा ठेवला.

पण त्याच महिन्यात दुसरी एक भानगड झाली. एका घरी भाऊसोंनी केलेली साखरपुड्याची कॅसेट चारचौघांत लावली, आणि मध्येच त्या घरची नुकतीच वारलेली चुलती हसत हसत पेढे वाटताना आली. बायकांनी हंबरडा फोडला. एक म्हातारा उठून भाऊसोंवर धावला, “शुभकार्यात मेलेलं मानूस दावतोस? आक्कल गहाण ठिवली व्हय रं?” कॅसेट परत आली आणि गावभर बोभाटा झाला.

दुसऱ्या दिवशी भाऊसोंनी फर्मान काढलं. “दीपमाला, हितनं फुडं मानूस मेलं की त्याचं नाव कॉम्प्युटरमधनं काडायचं. सगळी नोंदच काडायची. चुकून कुनाच्या लग्नात जायला नको. अपशकुन हाय त्यो.”

दीपमाला म्हणाली, “भाऊसो, आमच्यात बाबासाहेबांचा फोटो मांडल्याशिवाय लगीन लागत न्हाई. गेलेल्या माणसाच्या साक्षीनंच आमची लग्नं होत्यात. काय वाईट झालं आमचं?”

“तुमचं येगळं गं. माज्या गिऱ्हाइकाला चालत न्हाई.”

“अहो, पण लोक येऊन मागणार कुणाला? गेलेल्यालाच ना?”

“मागू द्यात. न्हाई म्हनायचं.”

आता तुम्हीच सांगा, ही कसली अक्कल! जिवंत माणसाला शोधत कोण येतं? तो घरीच असतो, चहा मागत. शोधत येतात ते गेलेल्यासाठी. आणि नेमकी त्यांचीच नावं काढून टाकायची! घरातली एकच किल्ली लागणार आणि तीच विहिरीत टाकायची, त्यातला प्रकार. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण मला विचारतंय कोण!

दीपमालेनं फर्मान पाळलं, पण तिच्या पद्धतीनं. ज्या भाषेत तिनं मला लिहिलं तिच्यात ‘खोड’ म्हटलं तरी नोंद पुसली जात नाही. तिच्यावर नुसती फुली पडते आणि शोधताना ती झाकलेली राहते. कायमची सफाई करायचा हुकूम वेगळा असतो. तो तिनं मला शिकवलाच नाही. भूकंपाच्या गावची पोरगी ती. एकदा गेलेलं परत मिळत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

अशा रीतीनं धुळ्यावर फुली पडली. त्या चुलतीवर पडली. नंतर जो जो गेला त्याच्यावर पडत गेली. आणि कुणी त्यांचं नाव विचारलं की मी पडद्यावर काय दाखवायचं? ‘सापडले नाही.’

माझ्यात भरलेलं हे वाक्य माणसांनीच लिहिलेलं आहे. नोंद माझ्या पोटात होती, नंबरासकट. खरं म्हणजे मी ‘दाखवायला बंदी आहे’ असं म्हणायला हवं होतं. पण माझ्याकडून वदवून घेतलं ‘सापडले नाही’. आणि वर भाऊसो पडदा गिऱ्हाइकाकडं वळवून सांगायचे, “कॉम्प्युटर हाय ह्यो, खोटं बोलत न्हाई.” एक म्हातारे गृहस्थ आले होते, पुतण्याच्या लग्नात त्यांची बायको फुगडी खेळली होती, तेवढं बघायला. ते पडद्यालाच नमस्कार करून परत गेले. त्यांना वाटलं, कॉम्प्युटरनं सांगितलं म्हणजे खरंच असणार. माझ्या इमानाचा असा वापर केला या लोकांनी!

पुढं दीपमालेनं दुकान सोडलं आणि कॉलेजच्या रस्त्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली. माझ्यापाशी भाऊसो राहिले, एका बोटानं टाइप करणारे. काचेच्या खोलीत आता लोक चपला घालून यायला लागले. पडद्यावर मंडपवाल्याचं कॅलेंडर टांगलं. आणि भाऊसोंना कोऱ्या कॅसेटी कमी पडल्या की ते ट्रंकेतली फुलीवाली कॅसेट काढून तिच्यावर नवं शूटिंग करायला लागले. यादीत नाही म्हणजे बिनकामाची! मी आतून कितीही ओरडलो तरी बाहेर फक्त पंख्याची घरघर.

यंदा, म्हणजे नव्याण्णव सालच्या लग्नसराईत, वैशाखाच्या उन्हात, एक बाई आली. बरोबर सहासात वर्षांची पोर. एसटीनं कवठे महांकाळहून सांगली, सांगलीहून कराड. बाईचं नाव हरणाबाई, पोरीचं सोनम.

“दादा,” ती म्हणाली, “माज्या मालकाचं शूटिंग हाय तुमच्यापाशी. धुळा म्हनून. घाटात काडलं हुतं तुमी.”

भाऊसो क्षणभर थांबले. त्यांना आठवलं असणार, मी पैजेवर सांगतो. पण त्यांनी एक बोट उचललं, नाव टाइप केलं, आणि माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर आलं. ‘सापडले नाही.’

“बगा आक्का. कॉम्प्युटर न्हाई म्हनतोय.”

“मला वाचाया येत न्हाई. त्येला म्हनावं, बोलून सांग.”

आक्का, तुमच्या तोंडात साखर पडो! सगळ्या कराडात मला बोलायला सांगणारी ही पहिली बाई, आणि मला बोलता येईना.

“न्हाई म्हंजी न्हाई,” भाऊसो म्हणाले. “आता सीझन हाय. आमाला कामं हायत.”

“दादा, ऐका तर. ही पोरगी चालली की समदी म्हनत्यात, धुळ्यावानी चालती. ही मला इच्यारती, म्हंजी कशी चालती? म्या कसं दावू? त्येचा येक फोटू न्हाई घरात. इलेक्शनच्या कारडाचं फोटू काडाया सायब आलं, तवा ह्यो घाटात मेंढरामागं. ल्योक असता तर कुनी इच्यारलं नसतं. पर पोरीच्या जातीनं असं ढांगा टाकत चालू नये, म्हनून समदी हसत्यात तिला. म्हनून आनली.”

“मी चालतच न्हाई आता कुनाम्होरं,” सोनम हळूच म्हणाली. “पळती.”

भाऊसो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले. हरणाबाई दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली आणि पोरीला भाकरी सोडून दिली. गिऱ्हाइकं यायची, तिला ओलांडून आत जायची. ती हलायला तयार नाही. दुपार कलली तसा भाऊसोंना ते सोसवेना. त्यांनी क्लासला फोन लावला. “दीपमाला, जरा यिऊन जा. हितं येक बाई हाय, तिला तू सांग कॉम्प्युटरमधी न्हाई म्हनून. माझं ऐकंना.”

म्हणजे खोटं बोलायला मी पुरलो नाही, म्हणून माझ्या आईला बोलावलं! धन्य आहे.

दीपमाला लुनावरून आली. पायरीवरच तिनं सगळं विचारून घेतलं. मग आत आली, दारात चपला काढल्या. किती दिवसांनी कुणी तरी माझ्यासाठी चपला काढल्या.

भाऊसो दबक्या आवाजात म्हणाले, “तूच पुसलंस न्हवं ते?”

“पुसलं न्हाई. झाकलं.”

“म्हंजी?”

“म्हंजी हाय,” असं म्हणून तिनं बटणं दाबली. फुली उठली. आणि एवढ्या वर्षांनी मी जे खरं होतं ते मोकळेपणानं दाखवलं: धुळा. मेंढरं, घाट, कुत्रं, घोंगडं. कॅसेट एकेचाळीस.

हरणाबाई उठून उभी राहिली. भाऊसोंनी ट्रंक काढली, एकेचाळीस नंबरची कॅसेट शोधली आणि लावली. मी जीव मुठीत धरून ऐकत होतो. कुत्र्याचं भुंकणं आलं नाही. मेंढराचं बें आलं नाही. आलं ते एक लहान मूल टाहो फोडून रडताना, आणि बायका म्हणत होत्या, “धरा गं त्याला, न्हाव्याचा हात हलंल.” कुणाच्या तरी जावळाचं शूटिंग. धुळ्यावर जावळ चढवलं होतं.

“ह्यो न्हवं,” हरणाबाई म्हणाली.

“न्हाई,” भाऊसो म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात खरी शरम होती. “गेला त्यो तुकडा.”

तेव्हा, तुम्हांला सांगतो, मला पडदा फोडून बाहेर यावंसं वाटलं. अरे, पुढं वाचा! माझी नोंद अजून संपलेली नाही! तुम्ही माणसं नेहमी अर्धं वाचून उठता. नशीब, माझ्यासमोर दीपमाला होती. तिनं शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. “मानसिंग लग्न, सुरुवात.”

भाऊसोंचा चेहरा कसा झाला ते मला दिसलं नाही. पण त्यांचा आवाज मात्र बदलला. “न्हाई,” ते म्हणाले. “ती कॅसेट मिळायची न्हाई.”

कारणही सांगतो. मानसिंग मिल्ट्रीत. यंदाच्या उन्हाळ्यात त्याची तुकडी सीमेवर होती आणि रेडिओच्या बातम्यांना सगळं घर कान लावून बसायचं. भाऊसोंची आई चंद्राबाई माडीवर राहते. लेकाचं तोंड दिसावं म्हणून ती रोज ती लग्नाची कॅसेट लावायची. तिचा आवाज मला खाली यायचा, अगदी रोज.

“आयला कळलं,” भाऊसो दीपमालेला म्हणाले, “की मानसिंगच्या लग्नात पयला चालतो त्यो मेलाय, तर ती हाय खाईल. ह्या दिसांत नगं. तू सांग बाईला, कॉम्प्युटर चुकला म्हनून.”

पुन्हा मीच! मी बरोबर सांगितलं तरी मीच चुकलो!

“म्या ऐकलं समदं,” हरणाबाई दारातून म्हणाली. “दादा, तुमच्या भावाच्या म्होरं माजा मालक चालला, त्येनं काय वंगाळ केलं तुमचं? त्येनं तर तुमाला नावबी खरं सांगितलं.”

भाऊसोंना उत्तर द्यायची वेळ आली नाही, कारण जिन्यावर पावलं वाजली. चंद्राबाई खाली येत होती, एकेका पायरीला टेकत. दुकानातलं बोलणं माडीवर जातं हे भाऊसो विसरले होते.

“कोन मेलंय?” तिनं विचारलं.

ती आणखी एक पायरी उतरली.

“माज्या मानसिंगच्या लग्नात मेंढरं घिऊन चालतो, त्यो?”

“व्हय, आई,” दीपमाला म्हणाली. “ह्या त्याच्या मालकीण. ही लेक.”

म्हातारी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकली. भाऊसो म्हणाले, “आय, तू वर जा. मनाला लावून घिऊ नगंस.”

“तू गप रं,” ती म्हणाली. “रोज बगती म्या त्येला. माजं पोरगं दिसायच्या आदी त्यो दिसतो. घोंगडं खांद्यावर, ढांगा टाकत येतो, आन् म्होरं बगून हसतो. म्या रोज म्हनती, बाबा, तू म्होरं चाल, माजं पोर तुज्यामागनं येऊ दे. मेला म्हनतोस? मेलेला मानूस रोज माज्या पोराच्या म्होरं चालतोय, आन् तू त्येला अपशकुनी म्हनतोस? जीभ झडली न्हाई तुजी?”

आणि तिनं पदराखालून कॅसेट काढली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर दोरा गुंडाळलेली. ती जिना उतरताना बरोबरच घेऊन आली होती.

कॅसेट लागली. गणपतीची सनई झाली. मग कुत्रं भुंकलं, मेंढरं ओरडली, आणि एका माणसानं जीभ टाळूला लावून कळपाला हाक दिली. हरणाबाई ओरडली. “आगं, ह्योच! सोने, ह्योच तुजा बा!”

पोरगी एकच शब्द म्हणाली, “पुन्यांदा.” भाऊसोंनी फीत मागं घेतली. “पुन्यांदा.” पुन्हा घेतली. मग मला फरशीवर पावलं ऐकू आली. छोटी पावलं, लांब लांब पडणारी. दारापासून टीव्हीपर्यंत, टीव्हीपासून दारापर्यंत.

“आत्ता बग,” चंद्राबाई म्हणाली. “तीच चाल. आता कुनी हसलं तर म्हनावं, माज्या बाची हाय.”

हरणाबाई रडत होती आणि हसतही होती. मी डोळ्यांवाचून जन्मलो याचं मला आयुष्यात एकदाच वाईट वाटलं, ते त्या वेळी.

भाऊसोंनी त्या तुकड्याची नवी कॅसेट भरून हरणाबाईला दिली. त्यांच्या गावच्या शाळेत टीव्ही आणि व्हीसीआर होता, तिथं लावता येईल म्हणाली. आणि कॅसेट तिच्या हातात देताना हे सद्गृहस्थ काय म्हणाले असतील? म्हणाले, “आक्का, काय हाय, कॉम्प्युटरची चूक हुती.”

कॉम्प्युटरची चूक! मी नोंद जपली, नंबर जपला, लग्न कुठलं तेही जपलं. फुली यांची, फर्मान यांचं, जावळ यांनी चढवलं, आणि चूक माझी! त्या क्षणी वीज गेली असती तर बरं झालं असतं. हे ऐकावं तर लागलं नसतं.

दीपमालेनं मात्र ते तसंच सोडलं नाही. “भाऊसो, चूक कुणाची हे कॉम्प्युटरला ठाऊक हाय,” ती म्हणाली. भाऊसो खाकरले. थोड्या वेळानं, हरणाबाई पाणी प्यायला मागं गेल्यावर, हळूच म्हणाले, “ती बाकीची झाकलेली हायत न्हवं, तीबी उघड समदी.” माझी माफी त्यांनी मागितली नाही. अजूनही मागितलेली नाही.

मग दीपमालेनं सोनमला माझ्यासमोर खुर्चीवर उभं केलं. “ह्या तुकड्याला आता नवी खूण लावायची,” ती म्हणाली. “काय लिहू? तू सांगशील ते.”

पोरीनं विचार केला. मेंढरं म्हणाली नाही, घाट म्हणाली नाही.

“माजा बा,” ती म्हणाली.

“‘माझा बा’ लिहिलं तर कुणाचा ते कळणार न्हाई. ‘सोनमचा बा’ लिहू?”

“लिवा.”

आणि त्या पोरीनं स्वतःच्या बोटानं ‘एंटर’ दाबलं.

तर ही माझी कथा. आता वर्ष संपत आलंय. मानसिंग दिवाळीला रजेवर घरी येऊन गेला, धडधाकट. हे मी मुद्दाम सांगतोय, म्हणजे अपशकुनवाल्यांना जरा वेळ तोंड मिटून बसता येईल. माझं स्वतःचं मात्र काही खरं नाही. साल लिहायला माझ्यात दोनच आकड्यांची जागा आहे. एक जानेवारी उजाडली की मला वाटणार एकोणीसशे साल आलं, जेव्हा ना व्हिडिओ होता ना धुळा. भाऊसोंनी रंगीत चित्रांचा नवा कॉम्प्युटर घेतलाय. दीपमालेनं मला एका फ्लॉपीवर उतरवून ड्रॉवरमध्ये ठेवलंय, आणि वर लिहिलंय, ‘पुसू नये’. नवा कॉम्प्युटर बसवणारा कालच म्हणत होता, जुनं सगळं साफ करून देतो, जागा मोकळी होईल. कसली जागा मोकळी करता, राव? आत माणसं आहेत.

माझी एकच विनंती आहे. आणि विनंती कसली, हक्कानं सांगतोय. ही फ्लॉपी कधी तुमच्या हाताला लागली, तर टाकण्याआधी एकदा यंत्रात घाला. यंत्र कुरकुरेल, करू द्या. साल विचारेल, काहीही सांगा. मग शोधायच्या जागी लिहा, ‘सोनमचा बा’. एंटर दाबा. आणि कुणाच्याही सांगण्यावर न जाता, मी काय म्हणतो ते एकदा तुमच्या डोळ्यांनी वाचा.

सापडले.